हाथीपाऱ्यातला हाथी

त्या सोमवारी सकाळी चौथीच्या वर्गात चाळीस मुलं, एक निवृत्त रेल्वे गार्ड, एक हलवाई, हलवायाने आणलेला, हार घातलेला एक फोटो आणि टोपलीसकट एक भाजीवाली एवढे जण होते. गार्ड आणि हलवाई भांडत होते. मी खडू हातात धरून मध्ये उभी होते. तेवढ्यात व्हरांड्यातून आमच्या हेडमास्तरांचा आवाज आला, "आइए सर, इधर से आइए."

गुरुवारी येणारं इन्स्पेक्शन सोमवारीच आलं होतं.

हे सगळं माझ्याच एका होमवर्कमुळे झालं.

छत्तीसगड राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. लग्नानंतर मी अमरावतीहून रायपूरला आले होते. हाथीपाऱ्यातल्या हिंदी प्राथमिक शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती. पारा म्हणजे इथला मोहल्ला. शहराला राजधानी होण्याची इतकी घाई झाली होती की आमच्या गल्लीतला शिंपी एका रात्रीत 'राजधानी टेलर्स' झाला. पुस्तकं मात्र जुनीच होती. त्यांत आमची राजधानी अजून भोपाळ होती.

हेडमास्तरांना सगळे बडे गुरुजी म्हणत. माणूस सज्जन, पण कागदाला भिणारा. एका दुपारी त्यांनी मला बोलावून एक सर्क्युलर पुढे केलं. चौथीला आपल्या परिसराचा इतिहास शिकवायचा होता.

"सर, पुस्तक?"

"आएगी."

"कब?"

"जब छपेगी."

"तब तक?"

"तब तक इतिहास पढ़ाइए," गुरुजी म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मैडम, गुरुवार को इन्स्पेक्शन है. आपका प्रोबेशन भी चल रहा है. कुछ ढंग का कर लीजिए."

प्रोबेशन म्हणजे पहिलं वर्ष. या वर्षात शिक्षिका मुलांना तपासते आणि बाकी सगळे शिक्षिकेला. शेवटी गुरुजींनी रिपोर्ट चांगला दिला तरच नोकरी पक्की.

बी.एड.ला आम्हाला एक शब्द घोकवला होता: स्रोत. जुनी गोष्ट आपल्याला जिच्यावरून कळते ती वस्तू, कागद किंवा माणूस म्हणजे स्रोत. पुस्तक नाही तर नाही, माणसं तर आहेत, असं मला वाटलं. मी मुलांना होमवर्क दिला. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या पाऱ्याला हाथीपारा का म्हणतात? वहीत दोन ओळी लिहा. एक, उत्तर. दोन, कोणी सांगितलं.

शनिवारी वह्या आल्या. निम्म्या मुलांनी लिहिलं होतं की नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेचा हत्ती इथल्या तळ्याकाठी बांधत. काहींनी तोच हत्ती तळ्यात बुडवला होता. काहींच्या मते इथे हाथी सेठ नावाचे जाडजूड हलवाई राहत. आणि दुर्गा साहू नावाच्या मुलीने एकटीने लिहिलं होतं, 'हाथी नहीं था.' हे तिला शाळेच्या फाटकापाशी भाजी विकणाऱ्या बिसाहिन दाईने सांगितलं होतं. दाई म्हणजे इकडे आई; म्हाताऱ्या बायकांनाही तसंच म्हणतात.

मी खूश झाले. एका प्रश्नाची इतकी उत्तरं! सगळी फळ्यावर लिहिली आणि उत्साहाच्या भरात म्हणाले, "इनमें से सब तो सच नहीं हो सकते. कौन सा पक्का है, सोमवार को देखेंगे."

मुलांनी घरी जाऊन हे वाक्य आपापल्या पद्धतीने सांगितलं.

सोमवारी हजेरी संपायच्या आत दारात काठी आपटली. वऱ्हाडपांडे काका. रेल्वेत गार्ड होते, नागपूरकडचे. त्यांची नात ऋतुजा माझ्याच वर्गात; तिच्या वहीतला फौजेचा हत्ती त्यांनीच सांगितलेला.

"मॅडम, तुमी मले खोटारडा म्हनून राहिल्या का?"

"नाही हो काका. मी काहून म्हणीन?"

"पोट्टीनं घरी येऊन सांगतलं. अवो, जिंदगीभर गाडीले हिरवी झेंडी दाखवली म्या. एक डाव खोटी नाही दाखवली!"

"मैडम, मैंने झूठा नहीं बोला था," ऋतुजा रडवेली होऊन म्हणाली. "मैंने बोला, आपका पक्का नहीं है."

काकांना मी माझ्या खुर्चीवर बसवलं, तोच नाक्यावरचे गुप्ता हलवाई आले. त्यांनी टेबलावर फोटो उभा केला. "बच्चों, ये रहे हाथी सेठ. हमारे परदादा. मोहल्ला इन्हीं के नाम पर है."

पहिल्या बाकावरून लगेच आवाज आला, "ये तो पतले हैं!"

वर्ग खिदळला. गुप्ताजींचे कान लाल झाले. "फोटो बीमारी के टाइम का है," ते म्हणाले. "उसके पहले खिंचवाया नहीं."

"हलवायाच्या नावानं मोहल्ला राहते का कुठी?" काका खुर्चीतून म्हणाले.

"और फ़ौज का हाथी यहाँ क्या करने आएगा, काका? जलेबी खाने?"

गलका ऐकून बिसाहिन दाई टोपली कडेवर घेऊन आत आली. कोणी तरी तिच्याकडे बोट दाखवून 'वो आ गई' म्हटलं. दाई दारातच बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हाथी-वाथी कुछु नइ रहिस. इहां हटरी लगत रहिस. मोर सास भाजी बेचय, मैं बाजू म बइठंव."

हटरी म्हणजे छोटा बाजार; दाई स्वतः तिथे सासूशेजारी बसत असे. हटरीपारा म्हणता म्हणता हाथीपारा झालं, असं तिचं म्हणणं.

"हे काही इतिहास होय?" काका भडकले. "भाजीबाजार!"

बडे गुरुजी इन्स्पेक्शनच्या साहेबांना घेऊन आत शिरले ते या क्षणी. साहेब भोपाळहून नुकतेच बदलून आलेले, उंच, गंभीर. त्यांनी वर्गावरून एक नजर फिरवली आणि शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. गुरुजी माझ्या कानाशी आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मैडम, ये सब कौन हैं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "स्रोत हैं, सर."

"ये? ये तो भाजीवाली है."

"जी. मौखिक स्रोत."

मौखिक म्हणजे तोंडी. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. नोकरी गेली, हे मी मनाशी धरलं. आता नवऱ्याला काय सांगायचं, अमरावतीला आईला काय सांगायचं, याचाच विचार चालू होता. वर्ग पुढे न्यायचं काम राहूनच गेलं. ते काम मुलांनी केलं. ऋतुजा उभी राहिली.

"दादाजी, आपने वो हाथी देखा था?"

"म्या कुठून पायतो? माह्या आज्यानं पायला."

"उन्होंने आपको बताया?"

"आज्याले म्या पायलंच नाही. बापानं सांगतलं."

"तो आपके पिताजी ने हाथी देखा था?"

काकांनी काठी आपटली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वकील तयार करून राहिल्या का जी तुमी?"

दुर्गाने दाईला विचारलं, "दाई, तब आपकी उमर कितनी थी?"

"मोला का पता? बिहाव होगे रहिस, बस." लग्न झालेलं होतं, एवढंच तिला आठवत होतं.

आता शेवटच्या बाकावरून साहेब बोलले, "तो बच्चों, सही क्या है?"

"सर, वोट करा लें?" एक मुलगा म्हणाला. त्या वर्षी सगळीकडे मंत्री, खुर्च्या आणि बहुमत यांचीच चर्चा असे. मुलांच्याही कानावर पडत असणार. मी नाही म्हणायच्या आत साहेबांनी मान डोलावली.

हत्तीला जवळजवळ सगळा वर्ग. हाथी सेठना तीन मतं, त्यांतलं एक मत गुप्ताजींनी स्वतःच हात वर करून दिलेलं. दाईला फक्त दुर्गाचं.

"हाथी को वोट क्यों दिया?"

"सर, हाथी अच्छा लगता है!" सगळे एका सुरात.

"और तुमने?" साहेबांनी दुर्गाला विचारलं.

"सर, दाई ने खुद देखा है. बाकी सबने सुना है."

साहेबांनी वहीत काही तरी लिहिलं. मग उठले आणि जाता जाता नेहमीचा प्रश्न टाकला, "अपने राज्य की राजधानी?"

वर्ग एका आवाजात ओरडला, "किताब में भोपाल, असल में रायपुर!"

साहेब हसले. इतका गंभीर माणूस हसतो हे बहुधा दारात उभ्या त्यांच्या शिपायालाही नवीन असावं, कारण तो वळून बघायला लागला.

इन्स्पेक्शनच्या रजिस्टरमध्ये दोन ओळी आल्या. 'विद्यार्थी प्रश्न पूछते हैं. अभिभावकों की उपस्थिति सराहनीय.' म्हणजे भांडायला आलेल्या तिघांना साहेबांनी पालकांचा सहभाग समजून शाबासकी दिली होती. गुरुजींनी ती ओळ स्टाफरूममध्ये दोनदा वाचून दाखवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगली बार स्रोत बुलाने के पहले मुझसे पूछ लीजिएगा." उन्हाळ्याच्या सुट्टीआधी माझी नोकरी पक्की झाली.

काकांचा राग मतमोजणीनेच गेला होता. नंतर महिनाभर ते ज्याला त्याला सांगत, "पोट्ट्यांनी निकाल देऊन टाकला." गुप्ताजींनी मात्र फोटो दुकानात गल्ल्याच्या वर लावला आणि खाली पाटी लिहून घेतली, 'हाथी सेठ'. पाऱ्याच्या तोंडाशी नवा बोर्ड लागला, त्यावर पेंटरने सोंड वर केलेला हत्ती काढला. मला वाईट वाटलं. मी दाईला म्हटलं, "दाई, आपकी हटरी तो रह ही गई."

दाई भाजीवर पाणी शिंपडत म्हणाली, "अब हाथी बनगे हे त हाथीच सही. हटरी के फोटू कोन बनाही?"

वार्षिक परीक्षेत मी पाऱ्याच्या नावाचा तोच प्रश्न घातला. उत्तर कुठलंही चालेल, पण कोणी सांगितलं ते लिहिलंच पाहिजे, अशी अट ठेवली. एका मुलाने लिहिलं होतं:

'हाथीपारा हटरी से बना. किसने बताया: मैडम ने. मैडम को किसने बताया: पता नहीं, उस दिन मैं नहीं आया था.'

मी पूर्ण मार्क दिले. त्यानंतर वीसेक वर्षं शिकवलं. वर्गात जाण्याआधी, आज जे सांगणार आहे ते मला कोणी सांगितलं, हे एकदा आठवून बघत असे. बऱ्याचदा आठवत नसे. पण तास तर घ्यावाच लागतो.