पायाळू मावशी आणि परबांची मान

मी हात धुवून बाहेर आले, तर खुर्चीत बसवलेले परब टेबलावर पालथे पडले होते आणि त्यांच्या मानेवर एक पाऊल अधांतरी होतं. पाऊल इंदूमावशींचं, म्हणजे त्यांच्या मावशीचं. वय सत्तरीपुढचं, तोल मात्र सर्कशीत नोकरी मिळेल असा.

"मावशी, पाय खाली."

"गो बाये, त्येका लागूचा नाय. हळूच लावतंय."

"खाली म्हणजे जमिनीवर."

लालबागमध्ये माझं क्लिनिक आहे. मी फिजिओथेरपिस्ट, त्यावर कायरोप्रॅक्टिक शिकलेली. म्हणजे मणक्याचे आखडलेले सांधे हाताने मोकळे करायचे. लोकांच्या मते माझं काम एकच, मान धरायची आणि कट् असा आवाज काढायचा. आवाज नाही आला तर फी फुकट गेल्यासारखे चेहरे करतात.

विलास परब गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. रंग बाकीचे मारतात, आखणी परबांचीच. आदल्या दिवशी ते बसले होते ती टॅक्सी परळच्या सिग्नलला उभी होती आणि मागून एका गाडीने ठोकलं. मान झटक्यात मागे गेली, मग पुढे. याला व्हिपलॅश म्हणतात. त्या दिवशी फारसं दुखत नाही, म्हणून माणूस "काय नाय झालं" म्हणत घरी जातो. सकाळी मानेचं लाकूड झालेलं असतं.

या लाकडावर घरात दोन उपाय निघाले. सुनंदावहिनी, म्हणजे परबांची बायको, यांच्याकडे एक रील होतं. त्यात एक धिप्पाड गोरा माणूस एकाची मान नारळासारखी पिरगळतो आणि तो उठून हसतो. दुसरा उपाय मावशी. मावशी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते म्हणतात. आईच्या बाळंतपणातली अडचण लेकीची डिग्री कशी होते, हे मला अजून कळलेलं नाही. पण मावशींची प्रॅक्टिस माझ्याहून जुनी आणि वेटिंग माझ्याहून मोठं.

"पाय नको तर तुम्ही हे करा," वहिनींनी मोबाइल पुढे केला. "एकदा कट् झालं की मोकळे."

"आधी तपासू दे. रीलमधल्या डॉक्टरला घाई असते, मला नाही."

परबांना सरळ बसवलं. माझी बोटं दोन्ही हातांनी दाबायला सांगितली. डावा हात पैलवानाचा. उजवा दाबतोय की नाही, हेच कळेना.

"हाताला मुंग्या येतात?"

"थोड्या. अंगठ्यात, बाजूच्या बोटात."

"ब्रश धरवतो?"

परबांनी उजवा हात मांडीखाली सरकवला. वहिनींनी पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

"सकाळी दोनदा पडला," ते म्हणाले. "हिला सांगितलं नाय."

मला खरंच धडकी भरली. मुंग्या आणि कमजोरी म्हणजे मानेत नस दबत असावी. अशा मानेवर कट् काय आणि लाथ काय, हात कायमचा जाऊ शकतो. मी मानेला कॉलर चढवली आणि एमआरआय लिहून दिला.

"गणपती तोंडावर आलेत, डॉक्टर. आखणी कोण करणार?"

"पुढच्या वर्षीही तुम्हीच करावी म्हणून पाठवतेय."

मावशी फुगल्या होत्या. त्यांच्या परवानगीशिवाय हे घर कुठे जाणार नाही, हे मला दिसत होतं. पायाळूपणावर वाद घालून मी काही जिंकले नसते.

"मावशी, तुमच्या पायात ताकद आहे ना?"

"आसा तर."

"मग आत काय तुटलंय ते न बघता एवढी ताकद लावायची? उद्या नाव कोणाचं खराब होईल?"

मावशींनी विचार केला. "आधी फोटो काढून हाडा," त्यांनी फर्मावलं. हाडा म्हणजे आणा, आणि फोटो म्हणजे एमआरआय. मी अर्धा तास सांगत होते ते कोणी ऐकलं नव्हतं. मावशींचं एक वाक्य, आणि टॅक्सी आली.

एमआरआयमध्ये दिसलं, मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आली होती. मणक्याच्या सर्जननी ऑपरेशन टाळलं. गोळ्या, कॉलर आणि नंतर माझ्याकडे अगदी हलके व्यायाम. कट् एकदाही नाही. वहिनी शेवटपर्यंत आवाजाची वाट बघत होत्या. मावशींचा मान राखायला मी त्यांना पायाचा अंगठा लावू दिला, कॉलरच्या प्लास्टिकला.

बोटांत जोर आला तशी मी आखणीची परवानगी दिली, पण मान वाकवायची नाही या अटीवर. कारखान्यात कुरकुर झाली, मग मूर्ती टेबलांवर चढवल्या. परब ताठ बसून डोळे काढत होते. मी बघायला गेले. ब्रश जराही हलत नव्हता. माझेच डोळे भरून आले, आणि तेवढ्यात परबांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "मावशीचा पाय लागला नि मान सुटली. ह्या डॉक्टरबाईंनी पण मदत केली हां."

मी प्रसादाचा पेढा तोंडात टाकला.

आता क्लिनिकमध्ये फोन येतात, "त्या पायवाल्या मावशी कधी असतात?" सुरुवातीला मी भडकायचे. आता मावशी आठवड्यातून एकदा माझ्याकडेच बसतात, म्हणून सांगते, "मंगळवारी. पण हाताला मुंग्या येत असतील तर एमआरआय बघितल्याशिवाय त्या पाय लावत नाहीत."

लोक निमूटपणे एमआरआय काढून येतात.