पहिली फेरी विरोधकाची

फोर्कमधलं जुनं तेल निथळायला वेळ लागतो. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे ते दोन पाय काढायचे, डब्यात उलटे उभे करायचे आणि गप्प बसायचं. घाई केली की घाण आतच राहते. बिबवेवाडीतल्या राशिदभाईंच्या गॅरेजात आम्ही वीसएक वर्षं असे बसत आलोय. तेल डब्यात साठतं आणि किस्से आमच्याकडे! त्यातले हसण्यासारखे मी कुठेही सांगतो. बाकीचे सांगत नाही, पण आज सगळेच सांगून टाकतो.

माणसं मोजकी आहेत. राशिदभाई मेकॅनिक, वडिलांपासून हाच धंदा. दामले सर शाळेत फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर्ड, राहायला सदाशिव पेठेत. त्यांची जुनी टू-स्ट्रोक, निळा धूर सोडणारी. जगतापची खानावळ, तीही सदाशिव पेठेतच, आणि गाडी धडधडणारी, वजनाला म्हशीएवढी. कंपन्यांची नावं मी घेणार नाही. घेतली तर वाचणारे इथेच दोन तट करून बसतील. माझी गाडी साधी शंभर सीसी, कोथरूडहून कॉलेजच्या ऑफिसात नेणारी. ती कोणाच्या खिजगणतीत नाही, म्हणून पंच मी.

*

एकदा राशिदभाईंनी जगतापच्या फोर्कचं काम केलं. जगताप एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "लोणी! भाई, निव्वळ लोणी!"

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डाजवळच्या स्पीडब्रेकरवर गाडी अशी आपटली की जगतापची मान आठवडाभर वाकडी होती. फोर्क उघडला तर एका पायात तेल निम्मंच. भरताना मध्येच चहा आला होता!

"चूक माझी," राशिदभाई म्हणाले. "पण काल तुम्हाला कळलं कसं नाही?"

उत्तर दामले सरांनी दिलं. "स्वतःच्या मुलाचा पेपर तपासायला बसवल्यावर दुसरं काय होणार?"

पुढच्या रविवारी सर घरून पाटी रंगवून घेऊन आले. 'फोर्कचे काम झाल्यावर पहिली फेरी विरोधकाने मारावी. मालकाचे मत विचारले जाणार नाही.' तेव्हापासून सरांच्या गाडीवर पहिली फेरी जगतापची आणि जगतापच्या गाडीवर सरांची. वैरी माणूस बारीकसारीक खोट काढतो, त्यामुळे कामं खरोखरच सुधारली.

*

जगतापच्या फोर्कचं तेल अडवणारं रबरी सील गळायला लागलं की तो कबूल करायचा नाही. तेलाचे ओघळ फोर्कच्या तळापर्यंत आलेले असायचे आणि हा फडक्याने पुसत म्हणायचा, "सर, माझी गाडी पळती, म्हणून तिला घाम येतो. तुमची उभीच असती, तिला कशाचा घाम?"

सर चष्मा वर करून वाकले. नीट बघितलं.

"जगताप, घाम कपाळाला येतो. गुडघ्यातून पाणी यायला लागलं की दवाखान्यात नेतात."

सील त्याच दिवशी बदललं.

*

राशिदभाई तेल अंदाजाने भरायचे, कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीने. सरांना ते सहन होईना. एके दिवशी ते फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. उघडलं तर काचेचं मोजपात्र, रेघा मारलेलं, आयुष्यभर प्रयोगशाळेत वापरलं तसलं. दोन्ही पायांत तेल एका रेघेवर आलं पाहिजे. डोळा रेघेच्या समोर धरून बघायचं, वरून नाही!

जगताप म्हणाला, "सर, तेल घालताय का परीक्षा घेताय?"

"परीक्षाच घेतली असती. पण तुमच्या गाडीवाल्यांना ग्रेस मार्क द्यावे लागतात."

तेव्हा मोजपात्र सरांच्या हातात असायचं. तेल ओतताना धार कधी तुटली नाही की एक थेंब बाहेर गेला नाही. राशिदभाई म्हणायचे, "सर, चुकून शाळेत गेलात. हात मेकॅनिकचा आहे."

*

मग काकू आजारी पडल्या. दामले सरांच्या पत्नी. सर दिवसभर हॉस्पिटलात बसायचे आणि जगताप रोज संध्याकाळी खानावळ सोडून स्वतः डबा घेऊन यायचा. मीही अधूनमधून जायचो. खाली पार्किंगमध्ये दोघांच्या गाड्या शेजारी उभ्या असायच्या आणि डबा देऊन झाला की जगताप न चुकता म्हणायचा, "सर, तुमचं डबडं जरा लांब लावा. माझ्या गाडीला बघवत नाय." सर त्यावर काहीतरी टोचून बोलायचे. दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर तेवढंच काय ते हसू यायचं.

एका संध्याकाळी जगताप डबा घेऊन आला. भाजी कसली आहे ते सांगितलं. काकूंची चौकशी केली. मग म्हणाला, "सर, मघाशी तुमची गाडी पाहिली. लई छान ठेवलीय तुम्ही."

सरांनी हातातला डबा बाकावर ठेवला.

"जगताप, डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले?"

वर येताना जिन्यात डॉक्टरांनी जगतापलाच नातेवाईक समजून सगळं सांगितलं होतं. काकू त्यानंतर चार दिवस होत्या.

*

काकू गेल्यावर सरांना गाडी आणि आम्ही, एवढंच राहिलं. मुलगी बंगलोरला. सकाळी वाचनालय, दुपारी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडे चक्कर, रविवारी गॅरेज. सगळं त्या टू-स्ट्रोकवर. पेठेतल्या गल्लीत धूर दिसला की लोकांना कळायचं, सर बाहेर पडले.

गेल्या वर्षी सर म्हणाले, "राशिदभाई, हँडल थरथरतंय. फोर्क बघा."

फोर्क उघडला. तेल बदललं. नियमाप्रमाणे पहिली फेरी जगतापने मारली. "डबडं होतं तसंच हाय," तो म्हणाला, म्हणजे गाडी उत्तम होती.

महिन्याने सर पुन्हा आले. सील बदलली. जगताप फेरी मारून आला आणि तेच म्हणाला, पण जरा हळू आवाजात.

तिसऱ्या वेळी राशिदभाईंनी फोर्कचे दोन्ही पाइप काढून जाड काचेवर आडवे ठेवले आणि बोटाने लोटले. पाइप वाकला असेल तर तो काचेवर उड्या मारत जातो. हे दोन्ही सरळ घरंगळत गेले, अजिबात आवाज न करता. आम्ही चौघंही वाकून बघत होतो. तेवढ्यात चहा आला. सरांनी ग्लास उचलला, त्यातला थोडा चहा त्यांच्या बोटांवर सांडला, आणि त्यांनी दुसरा हात लावून ग्लास धरला. आम्ही परत काचेकडे बघायला लागलो, मीसुद्धा. त्याची मला अजून लाज वाटते.

सर गेल्यावर राशिदभाई पाइप पुसत मला म्हणाले, "साहेब, लोखंडात असतं तर मी केव्हाच काढलं असतं."

*

मग टिळक रस्त्यावर सिग्नलजवळ सरांची गाडी एका बाईंच्या स्कूटरला घासली. स्कूटरवर मागे बाईंची लहान मुलगी बसलेली होती. दोघी पडता पडता वाचल्या. सरांचा पुढचा मडगार्ड चेपला. गॅरेजात येऊन ते शांतपणे म्हणाले, "हँडलने दगा दिला. या वेळी फोर्क पूर्ण उघडा. एकूण एक भाग बघा."

गाडी ठेवून सर रिक्षाने घरी गेले आणि आमच्यात जुंपली.

"आता कोणीतरी सांगायलाच पाहिजे," मी म्हणालो. "आज मुलगी वाचली, उद्या काय?"

"मग सांगा की तुम्ही!" जगताप म्हणाला. "पंच हाय ना तुम्ही?"

माझ्याने होणार नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं आणि जगतापलाही. मी राशिदभाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "मी मेकॅनिक. गिऱ्हाईक म्हणतं फोर्क बघ, मी फोर्क बघणार. मी काय सांगू? की सर, आता तुम्ही घरी बसा?"

राहिला जगताप. इतका मोठा आवाजाचा माणूस, पण तेव्हा कसाबसा बोलला. "त्यांच्या गाडीला मी वीस वर्षं नावं ठेवली. गाडीबद्दल वाईट ऐकायची सवय हाय त्यांना माझ्याकडून. त्यांच्याबद्दल नाय."

त्यावर आम्ही एकच केलं. राशिदभाईंनी चौथ्यांदा फोर्क उघडला. एकूण एक वॉशर, स्प्रिंग, नट रॉकेलमध्ये धुऊन कागदावर मांडला. कुठे काही असेल तर बरं, असं तिघांनाही वाटत होतं. एवढं मन लावून खोट शोधताना मी राशिदभाईंना कधी बघितलेलं नाही. खोट नव्हती.

*

रविवारी सर आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. गाडी जोडून तयार होती, मडगार्डही ठोकून सरळ केला होता.

"काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

राशिदभाई हात पुसत राहिले. "सर, आधी फेरी होऊ द्या."

जगतापने किक मारली. निळा धूर आला. तो निघणार तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा. आज मी मागे बसतो."

स्वतःच्या गाडीवर मागे बसलेले सर आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना सापडेना, मी वाकून फूटरेस्ट उघडून दिले. मग त्यांनी दोन्ही हात जगतापच्या खांद्यांवर ठेवले. जगतापने मान वळवली नाही.

"खड्ड्यातून न्या," सर म्हणाले. "चुकवू नका."

गॅरेजपासून पुढे एक उखडलेला रस्ता आहे, ओळीने स्पीडब्रेकर, मग चढ. आवाज लांब गेला, चढावर बारीक झाला आणि मग ऐकू येईना. राशिदभाईंनी स्टूल पुढे ओढलं, पण ते त्यावर बसले नाहीत. मी उगाच नट खोलायचे पाने मांडत राहिलो.

बऱ्याच वेळाने दोघं परत आले. जगतापने इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. टाकीकडे बघत बसून राहिला. त्याच्या शर्टाच्या खांद्यांवर सरांच्या बोटांच्या चुण्या होत्या. त्याने 'डबडं' म्हटलं नाही आणि 'छान'ही म्हटलं नाही.

सर सावकाश उतरले. पुढच्या चाकापाशी जाऊन उभे राहिले. फोर्कवर तळहात टेकवला आणि आम्हाला त्या हाताची थरथर दिसत असूनही तो तसाच राहू दिला.

"राशिदभाई," ते म्हणाले, "फोर्क ठणठणीत आहे. थरथर अजिबात नाही. उगाच चार वेळा खोललीत हो बिचारीला!"