सिमेंट ओतण्याआधीचं घर

"चुकायचें तें इथेंच चुकून घेऊं," असं म्हणून अण्णा स्क्रीनला बोटानं टिचकी मारायचा, आणि मग तासभर मान वर करायचा नाही.

कुंभकोणमला पितळी भांड्यांच्या एका दुकानावर आमचं ऑफिस. खाली हंडे-कळशा, वर आम्ही. आखातातली मोठमोठी हॉस्पिटलं आम्ही इथे बसून बांधतो, कॉम्प्युटरात. ह्याला बिम म्हणतात. नुसता नकाशा नव्हे हो. भिंत, भिंतीतली वायर, वायरीशेजारचा पाइप, कुठलं काम कधी, सगळं त्यात. पाइप तुळईला आडवा आला की कॉम्प्युटर तिथं लाल करून दाखवतो. सिमेंट ओतल्यावर डोक्याला हात लावायची वेळ येत नाही.

अण्णा ह्यात वस्ताद. आम्ही दोघंही तंजावरकडच्या मराठी घरांतली. डबा उघडला की तमिळ बाजूला ठेवून घरचं बोलायचो. एवढी हॉस्पिटलं बांधणारा हा गृहस्थ राहायचा कुठं, तर भाड्याच्या दोन खोल्यांत, जिथं बादली उचलल्याशिवाय न्हाणीचं दार उघडत नसे. वैनी, म्हणजे त्याची बायको, मला बघितलं की सुरू व्हायची, "जगाला आस्पत्र्या बांधून देतात. मज एक न्हाणी द्या म्हणावें." लग्न झाल्यापासून तिला एकच हवं होतं. आपलं घर, दोघांनी निवांत राहायला.

शेवटी स्वामीमलैच्या रस्त्याला जागा घेतली. वैनीला वाटलं, आता पाया खणणार. कसचं काय! अण्णानं आधी अख्खं घर कॉम्प्युटरात बांधलं. पाडलं. परत बांधलं. मी म्हटलं, "अण्णा, वैनी काय त्या स्क्रीनमध्ये राहायला जाणार आहे?" तर म्हणे, "अगे, इथें भिंत हलवायला मेस्त्री लागत नाहीं."

एकदा वैनीला ऑफिसात आणून त्यानं माउसनं घरभर हिंडवलं. कुठं लाल नाही, सगळं छान. अण्णा खूश. तेवढ्यात वैनी ओरडली, "थांबा! हा पाइप कशाचा?"

वरच्या संडासाचा पाइप बरोबर देवघराच्या छतातून चालला होता. कॉम्प्युटरला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाइप कशालाच अडत नव्हता ना! "देवाच्या डोकीवरून?" म्हणत वैनीनं स्वतःच्या गालांवर थापट्या मारून घेतल्या. अण्णानं पाच मिनिटांत पाइप पलीकडे नेला. हेच जर घर बांधून झाल्यावर दिसलं असतं, तर छत फोडावं लागलं असतं, नाहीतर देव तरी हलवावे लागले असते.

मग मात्र घर असं झरझर उभं राहिलं की विचारू नका. एक भिंत फोडली नाही, एक पाइप उखडला नाही. मेस्त्री खट्टू झाला. "फोडाफोड नाही, भांडण नाही, हे काय घराचं काम?" असं तमिळमध्ये कुरकुरायचा. गल्लीतली माणसं खास बघायला गेली. अण्णाची मान अशी ताठ, की बघवत नव्हतं.

आणि तिथंच माशी शिंकली. कौतुकानं त्यानं ते घर आखातातल्या साहेबांना दाखवलं. साहेब इतके खूश झाले, की म्हणाले, हा माणूस आम्हाला इथं साइटवरच हवा. दोन वर्षं.

मी चिडले. "नको म्हण ना!" तो खाली बघत म्हणाला, "इतकीं बांधलीं, एकालाही हात लावला नाहीं गे. एकदां हात लावून येतों."

वैनीनं नव्या घरात चुलीवर दूध उतू जाऊ दिलं, आणि त्याच आठवड्यात त्याच्या बॅगेत पोडीचा, इडलीबरोबरच्या कोरड्या चटणीचा, डबा भरला. माझा जीव तुटला तिच्यासाठी.

ते हॉस्पिटल मुदतीआधी पुरं झालं. बिमची कमाल! म्हणून साहेबांनी त्याला लगेच दुसरं दिलं.

परवा मी वैनीकडे होते. व्हिडिओ कॉल आला. अण्णा कुठल्याशा खोलीत, मागे आणखी तिघांच्या खाटा. "जिन्याखालचा दिवा लाव. हां. आतां डावीकडे वळ. तिथें खिडकी, कडी वरच्या अंगाला..." सगळं घर त्याला पाठ.

वैनी फोन धरून मुकाट्यानं हिंडत होती. खिडकीशी थांबली.

"मज ठाऊक आहे हो," ती म्हणाली. "मी राहतें इथें. तुम्ही कधीं राहणार?"

मला वाटलं, तिकडचा आवाज गेला. पण नेट चांगलं होतं.