बाहीखालचं बटण

माझ्या डाव्या दंडावर रुपयाएवढं एक पांढरं बटण चिकटवलेलं असतं. अंगातली साखर ते सारखी मोजत राहतं. आकडा माझ्या मोबाइलवर येतो आणि नेटवरून पुण्याला मुलीच्या मोबाइलवरही जातो. साखर फार उतरली की दोन्हीकडे एकदम बोंब सुरू होते, आणि फोनचा आवाज बंद ठेवला तरी ही बोंब बंद होत नाही. ती सोय मुलीनेच करून ठेवली आहे. एकेकाळी ती शाळेतून आल्यावर मी तिचा डबा उघडून बघायचे, आता ती माझं रक्त बघते.

सासरी यातलं कुणाला ठाऊक नव्हतं. जळगावला नोकरी केलेली, तुरुतुरु चालणारी, कधी आजारी न पडणारी धाकटी सून अशी माझी ख्याती, आणि ती मला फार प्रिय. इन्सुलिन घेते म्हटलं की बायका आवाज खाली आणून बोलायला लागतात. म्हणून मी पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत शिवून घेतल्या. कुणी विचारलंच तर सांगायचं, सध्या हीच फॅशन आहे.

माझे थोरले दीर भडगावला अचानक गेले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनाही साखर, त्यांनाही इन्सुलिन, पण त्यांचं सगळं उघड. पारावर बसून कौतुकाने सांगायचे. मी तेव्हा पुण्याला मुलीकडे होते, अंत्यविधीला पोहोचले नाही. माझे यजमान तेवढे आधीच भडगावला गेले. मी जळगावला परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर, म्हणजे दुखवट्याला, निघाले. इन्सुलिन टोचून घेतलं, त्यावर लगेच खायला हवं, पण तेवढ्यात गाडी आली. अशा दिवशी पोहे खात बसलेली शेजारणीला दिसले असते तर? तशीच उपाशी गाडीत बसले.

आमच्याकडे दारावर गेलेली बाई त्या घरात काही खात नाही, आणि तेराव्याआधी तिथे गोडाचं तर नावही काढत नाहीत. खोली बायकांनी भरलेली. मोठी जाऊ, आमची अक्का, कोपऱ्यात बसलेली. नवरा गेलेल्या बाईने तेराव्यापर्यंत तो कोपरा सोडायचा नसतो. मला बघताच रड उसळली. अक्काच्या गळ्यात पडून मीही रडले आणि तिच्याशेजारीच बसले.

तेवढ्यात पर्समध्ये फोन बोंबलला. मी तो काढून मांडीखाली दाबला. साखर उतरली तर चघळायच्या ग्लुकोजच्या गोळ्या पर्समध्येच होत्या, कागदाच्या छोट्या पुडीत. पण त्या घरात, एवढ्या बायकांसमोर, मी गोळी चघळायची? मी हात घातला नाही. बघता बघता घाम फुटला, ओठ थरथरायला लागले.

"कितला जीव शे इना आबावर!" कुणीतरी म्हणालं. "पहा, कशी थरथरी ऱ्हायनी."

एकीने पदराने वारा घातला, दुसरीने कांदा फोडून नाकाशी धरला. आणि लाज वाटते सांगायला, पण मला ते बरं वाटलं. सख्ख्या बहिणीलाही येणार नाही असा गहिवर मला आला आहे, असं सगळ्या समजत होत्या. मी डोळे मिटून घेतले आणि समजू दिलं.

मग मांडीखालचा फोन सारखा वाजायला लागला. अक्काने तो ओढून घेतला, उचलला आणि 'हॅलो' म्हणाली. मुलीचा रडवेला आवाज खोलीभर ऐकू गेला. "मोठी आई, मम्मीच्या दंडाला मशीन आहे. तिची साखर उतरलीय. तिला आधी काहीतरी गोड दे, नाहीतर ती जाईल गं!"

अक्का उठली. कोपरा सोडून स्वयंपाकघरात गेली, तेव्हा बायका नुसत्या बघत राहिल्या. साखरेचा डबाच घेऊन आली आणि मूठभर साखर माझ्या तोंडात कोंबली.

"खाय. रडू नको, पहिले खाय."

मी कचाकचा चावत होते. हनुवटीवर साखर सांडत होती. एवढी ओशाळलेली मी आयुष्यात कधी नव्हते, असं मला वाटलं. पण ते तेवढ्यावर थांबणार नव्हतं.

हाताची थरथर थांबल्यावर अक्काने माझी बाही वर सारली. बटणावरून बोट फिरवत राहिली.

"यासले बी त्या दिनले असाच घाम फुटेल व्हता," ती म्हणाली. "असंच थरथरी ऱ्हायंतात. आम्हले वाटनं, ऊन लागनं. निजाडी दिधं. मंग त्या उठनातच नई." मग तिने विचारलं, "हाई वाजतं, नई का वं? आपोआप वाजतं?"

"हो," मी म्हणाले.

"कवयपासून शे तुना हातले?"

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी याच घरात होते. आबांच्या शेजारी जेवायला बसले होते. ते कुणाला तरी आपलं इन्सुलिनचं कौतुक सांगत होते, आणि हे बटण माझ्या बाहीखाली होतं. बाही नुसती वर सारली असती, तर असं बटण कुठे मिळतं ते त्यांनीच गावभर विचारून स्वतःलाही लावून घेतलं असतं.

"आखाजीपासून," मी सांगितलं.

बायका पुढे वाकून बघायला लागल्या होत्या. अक्काने माझी बाही कोपरापर्यंत खाली ओढली, बटण नीट झाकलं आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली.