डाव्या पायाचा बूट

"राग हिच्या नाकावरच बसलेला हाय," असं आई माझ्याबद्दल येईल-जाईल त्याला सांगायची. बसू दे की. त्या वर्षी तो राग नसता तर मी आज पेन्शन खात बसले नसते.

आकुर्डीच्या एका कंपनीत मी पॅकिंगला होते, टेंपररी. म्हणजे काही महिने काम, मग ब्रेक, मग परत साहेबांच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि ते बोलावतील का याची वाट बघायची. तळवड्यातलं आमचं रान कारखान्यांच्या कुंपणाआड गेलं होतं, वडील दम्यानं अंथरूण धरून होते, आणि घरात पगार आणणारी मी एकटी. ब्रेक लागला की आई भाकरी थापताना बोलायची नाही. तो अबोला मला शिव्यांपेक्षा जास्त लागायचा.

शिफ्टची बस चुकली की मी तळवडे ते आकुर्डी पळत जायचे. बस बऱ्याचदा चुकायची, त्यामुळे पळायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्या वर्षी कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धा ठरल्या आणि आमच्या साहेबांनी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, बायकांच्या लांब शर्यतीत पहिल्या तिघींत जी येईल तिला पर्मनंट करू. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी जेवणाचा डबा तसाच बंद केला आणि नाव द्यायला गेले.

घोडं पेंड खात होतं ते बुटांपाशी. माझे कॅनव्हासचे बूट म्हणजे पायाला गुंडाळलेलं फडकं. डांबरी रस्त्यावर पळून आले की गुडघे ठणकायचे, अंगठ्यांची नखं काळी पडायची. पिंपरीच्या बाजारात विचारलं तर दुकानदारानं आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग शाळेच्या पोरांचे बूट पुढं केले. मी ते तिथंच ठेवून चालती झाले.

आमच्या शेजारी एक चाची राहायच्या. चाचा गॅरेजमध्ये मेकॅनिक होते, ते दोन वर्षांपूर्वी कुवेतला गेलेले. इथं असताना मला रस्त्यानं पळताना बघून ते म्हणायचे, "टायर गुळगुळीत झालेत तुझे, इंजिनाला कशाला शिव्या देतेस?" मी चाचींना म्हटलं, तिकडं पळायचे खरे बूट मिळतात म्हणे, चाचांना लिहा ना. चाची म्हणाल्या, "लिहिते. पण नंबर सांग." आता आमच्या घरात कुणाला बुटाचा नंबर ठाऊक? त्या म्हणाल्या, मग पायच काढून पाठवू.

चाचींच्या ओट्यावर कागद पसरला, मी डावा पाय ठेवला. आईनं तिथंच माझा दंड धरला. "डावा न्हाई. शुभ कामाला कागदावर डावा पाय काढायचा व्हय? उजवा ठेव." मी म्हटलं, दोन्ही काढूया. "दोन पायांत काय फरक असतोय? एका आईच्या पोटचेच हायेत ना?" चाची हसल्या, मीही हसले, आणि पेन्सिल उजव्या पायाभोवतीच फिरली. तो पाय पाकिटात बसून समुद्रापलीकडं गेला.

चाचांचं उत्तर आलं. त्यांनी सुट्टीच्या दिवशी तो कागद खिशात घालून दुकानं पालथी घातली होती. बुटात कागदाचा पाय घालून बघायचे, दुकानदार हसायचे, आणि हे पुढच्या दुकानात जायचे. पैशाचं विचारलं तर लिहिलं होतं, आधी शर्यत, मग हिशोब. बूट त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका कोकणातल्या माणसाच्या बॅगेतून निघाले होते.

ते पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला. तो कोकणातला माणूस मुंबईत उतरून आधी आपल्या गावी गेला. लेकराच्या बारशाला थांबला म्हणे. बारसं करा हो, पण माझी शर्यत येत्या रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी एकदाची पिशवी चाचींच्या दारात आली. आईनं बूट पाहिले आणि तोंड वाकडं केलं, "जुनेच धाडले की." तळव्यांना ग्रीस आणि माती फासलेली. कस्टमवाल्यांना नवे वाटू नयेत म्हणून चाचांनीच ते मळवले होते. मी ओल्या फडक्यानं पुसले. खालून पांढरा, जाड, मऊ तळवा निघाला. असला बूट मी हातात कधी धरला नव्हता.

उजवा घातला. अस्सा बसला, जणू पाय त्यातच वाढला होता. मग डावा घातला. टाच आत गेली, पण अंगठा पुढं दुमडला. नाडी सैल केली, मोजा काढला, तरी तेच. माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा होता. इतकी वर्षं त्याच पायांनी पळत होते आणि मला ते माहीत नव्हतं.

मी बूट काढून बाजूला ठेवला. आईच्या लक्षात आलं तशी ती घाईनं बोलायला लागली. पाणी भरून ठेवू या, सैल होईल, बटाटा घालू या. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे यंदा. पुढल्या वर्षी पळशील." तिथं माझं डोकं फिरलं. पुढल्या वर्षी! पुढल्या वर्षीपर्यंत किती ब्रेक लागतील आणि चूल कशावर पेटेल, ते हिला माहीत नव्हतं का?

"चाची, चाचांची हत्यारं कुठायत?" मी विचारलं. चाचींनी माझ्याकडं पाहिलं, बुटाकडं पाहिलं. त्यांच्या नवऱ्यानं परमुलखात वणवण करून घेतलेला बूट होता तो. त्या आत गेल्या आणि रबर कापायचा चाकू घेऊन आल्या. "हात थरथरू देऊ नकोस," एवढंच बोलल्या आणि बूट दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी पुढचं टोक कापलं. आई तोंडाला पदर लावून रडत होती. बूट घातला तर अंगठा बाहेर आला, पण पाय सरळ बसला. मी अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. चालणार होतं.

रविवारी सुरुवातीच्या रेघेवर पोरी माझ्या पायाकडं बोट दाखवून खुसपुसत होत्या. दाखवा, म्हटलं. थोड्या वेळानं माझी पाठ दाखवते. स्टेशनच्या वळणावर खडी होती, तिथं उघडा अंगठा फुटला. लंगडायला झालं असतं, पण लंगडले असते तर आईच्या त्या अबोल्यात परत गेले असते. मी आणखी जोर लावला. दुसरी आले. पुढच्या महिन्यात पर्मनंटचा कागद हातात पडला. आईनं तो देवापुढं ठेवला आणि त्या दिवशी भाकरी थापताना ती बोलत होती.

बूट कापल्याचं चाचींनी पत्रात लिहिलं नव्हतं. चाचा सुट्टीवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "आण बघू बूट." मी आणून समोर ठेवले. चाचांनी डावा उचलला, भोकातून बोट आरपार घातलं, कापलेली कड चाचपली.

"पोचली ना गाडी?" त्यांनी विचारलं.

"पोचली."

त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढला, ओट्यावर पसरला आणि त्याच्यापुढं मांडी घातली. मी मागच्यासारखाच उजवा पाय पुढं केला. तेवढ्यात आई घरातून आली. तिनं खाली वाकून माझा उजवा पाय हातानं बाजूला सारला.

"डावा ठेव," ती म्हणाली, "आन भाऊ, नीट काढा. ह्योच पुढं गेलता."