मांडीतली नस

कॅन्सर काढला, पण उजवा पाय गेला, असंच मला वाटलं होतं. धंतोलीच्या दवाखान्यात रोबोटच्या ऑपरेशनने गर्भाशय आणि आजूबाजूच्या गाठी काढल्या. त्यानंतर उभी राहायला गेले, तर मांडी आपोआप बाहेर जायला लागली. आम्ही उमरेडचे विणकर. मागाखालची पट्टी पायाने दाबावी तेव्हा ताण्याचे उभे धागे उघडतात. माझा पाय तिच्यावर ठरणार नाही, हे मला पलंगाशीच कळलं. माग सुटला तर मी करू काय?

डॉक्टरबाई स्वतः येऊन बसल्या. म्हणाल्या, "गाठी काढताना मांडीची नस तुटली. लगेच दिसली, तिथंच टाके घालून जोडली. पण भरून यायला महिने लागतात, आणि पूर्ण येईलच असं सांगता येत नाही." मी एवढंच विचारलं, "तुटल्याबरोबर दिसली ना?" आमच्यात ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून आधी गाठ मारतात, न बघता विणत गेलं तर कापडभर फट उतरते. खरं सांगणाऱ्या त्या बाईंवर मला राग धरता आला नाही. सगळा राग देवीवर गेला.

घरी येऊन मी देवीची तसबीर भिंतीकडे फिरवली. "काहून वं? जीव ठेवला, मंग पाय काहून नेला?" नवरा घाबरला. "असं नोको बोलू." मी म्हटलं, "तुमीच जोडा मंग हात!" जगण्यात काही रामच उरला नव्हता.

व्यायामासाठी एसटीने धंतोलीला जावं लागे. दोन्ही गुडघ्यांत टॉवेल धरून दाबायचा. तो दर वेळी खाली पडायचा. एकदा मी तिथंच रडायला लागले. आपल्या नवऱ्याला व्यायामाला घेऊन येणारी एक बाई शेजारी बसलेली असे. तिने टॉवेल बाजूला सारला आणि स्वतःचा हातच माझ्या गुडघ्यांत ठेवला.

"दाब वं. मले लागलं पायजे."

"देवीनंच सोडलं मले," मी म्हणाले.

"आमी जयभीमवाले. तुह्या देवीचं मले काई ठाऊक नाई. तू दाब."

मग प्रत्येक खेपेला तिचा हात आणि तिचं खरंखुरं उत्तर, "नाई लागलं." महिने गेले. माझी आशा गेली, देवीशी भांडणही थकलं. आता मी केवळ त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून दाबत होते.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी ती केवढ्यांदा तरी ओरडली, "अवं माय वं! लागलं ना मले! अंगठी रुतली!" सगळे वळून बघायला लागले. बोट चोळत ती रडत होती आणि मी वेड्यासारखी हसत होते.

पाय अजून पुरता आलेला नाही, येईल की नाही कुणी सांगत नाही. हीच देवीची कृपा का, हे मी ठरवत बसत नाही. कुणाचा हात पुढे करायचा ते देणाऱ्याने बघावं. हात आला की आपण दाबत राहावं.