जेटमधली तार

स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झाली होती, तेव्हा माझी पोस्टिंग तळवड्याच्या माळावरच्या सिग्नल डिटॅचमेंटला झाली. आज तिथं ऑफिसं आणि कारखाने आहेत. इथं आमचे तंबू होते म्हटलं, तर पोरं माझ्याकडे म्हातारा बरळतोय अशा नजरेनं बघतात. बघोत बापडी. समोर इंद्रायणी, नदीपलीकडे निघोजे, त्याच्याही पुढं ओसाड टेकड्या. त्या टेकड्यांवर तोफांचा सराव चालायचा आणि टेलिफोनच्या लाइनी आम्ही टाकायचो.

मी लान्स नाईक, डिस्पॅच रायडर. जिथं टेलिफोन पोचला नाही आणि वायरलेस बोलत नाही, तिथं मोटरसायकलवरून निरोप नेणारा माणूस. माझी गाडी महायुद्धातून उरलेली होती. इंग्रज गेले, ही मागं राहिली. तिच्या टाकीला आतून गंज धरला होता. तो पेट्रोलबरोबर कार्ब्युरेटरमध्ये उतरायचा आणि जेटमध्ये अडकायचा. जेट म्हणजे पितळेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्याला केसाएवढं भोक. इंजिनाला लागणारं पेट्रोल तेवढ्या भोकातून जातं. भोक बुजलं की गाडी जागेवर नुसती फुरफुरते आणि थ्रॉटल दिला की मरते.

वर्कशॉपचे हवालदार सावंत मालवणकडचे. त्यांची एकच ताकीद असायची, "जेटात तार घालूची नाय. पंपान हवा मार." आम्ही मान डोलवायचो आणि तारच घालायचो. सिग्नलवाल्याच्या खिशात टेलिफोनच्या केबलचा तुकडा असतोच. त्यातला पोलादी तंतू जेटच्या भोकात बरोब्बर बसतो. पंप काढा, जोडा, हवा मारा, एवढा खटाटोप कोण करणार? एका संध्याकाळी इन्स्पेक्शनची शिट्टी व्हायला पाच मिनिटं होती. मी तंतू घातला, फिरवला, ओढून काढला. त्याचं टोक शाबूत आहे का, हे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला नाईक धोंडिबा शेळके आणि सिग्नलमन रघुनाथ लाइन दुरुस्तीला निघाले. टेकडीच्या बाजूला ओ.पी. होती, म्हणजे गोळे कुठं पडतात ते पाहणारी चौकी. तिची लाइन रात्रीत तुटली होती. ती टेकडीच्या पायथ्याच्या ओढ्यातून जायची. शेळके जुन्नरकडचा, माझ्याच भरतीचा. जाताना मला म्हणाला, "राव, साडेअकराला फायरिंग हाय. तवर आमी परत. चहा ठिव."

दहा वाजून दहा मिनिटांनी कॅप्टनसाहेब तंबूतून बाहेर आले. हातात फायरिंगचा कार्यक्रम होता. वेळ बदलून अकराची झाली होती. तोफखान्याला ते ठाऊक होतं, शेळकेला कुणी सांगितलंच नव्हतं. ओढ्याच्या खाचेत असल्यामुळं तो ओ.पी.लाही दिसणार नव्हता. ऑपरेटर वायरलेसवर तोफांना हाका मारत होता.

"हॅलो चार्ली, कंट्रोल बोलतोय. होल्ड फायर. होल्ड फायर. ओव्हर."

उत्तरात नुसती खरखर. तोफांपर्यंत टेलिफोन गेला नव्हता आणि जीप सकाळीच पुण्याला गेली होती. साहेबांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"जाधव, नऊ मैल. अकराच्या आत."

"येस सर."

अर्धा तास पुरे होता. सव्वादहाला मी सुटलो. दहा सव्वीसला लांबच्या वळशानं इंद्रायणीचा उतार ओलांडला, पलीकडचा चढ चढायला थ्रॉटल दिला आणि गाडी बसली. किक मारली, चालू झाली. थ्रॉटल दिला, पुन्हा बंद. चार वेळा तेच.

घाबरलेला माणूस आधी नको तिथं हात घालतो. मी प्लग काढला. कोरडा, स्वच्छ. पेट्रोलची नळी सोडली. धार चांगली. त्यात सात मिनिटं गेली. मग कार्ब्युरेटर खालून खोलला, जेट काढून उन्हाकडे धरला. भोकातून उजेड येईना. आत काहीतरी चमकत होतं. माझ्याच तंतूचं मोडकं टोक. स्वतःला शिव्या द्यायलाही वेळ नव्हता.

तोंडानं फुंकलं, ढिम्म. गाडीचा हवेचा पंप काढला. बांधावरून एक शेतकरी आला, पन्नाशीचा, खांद्यावर कासरा.

"फौजी, गाडी रुसली व्हय?"

"काका, हा पंप मारता? जोरात. तिकडं माणसं मरतील."

त्यांनी कासरा खाली टाकला आणि ते पंपाला भिडले. मी पंपाच्या नळीवर जेट उलटा दाबून धरला. हवा बाजूनं निसटत होती.

"असं न्हाई हुयाचं," ते म्हणाले. मुंडाशाची किनार फाडून त्यांनी ओली केली आणि जेटभोवती घट्ट गुंडाळली. "धरा आता."

अकराव्या का बाराव्या दट्ट्याला टक्कन आवाज झाला. जेट उन्हाकडे धरला. भोकात उजेड होता.

जोडून किक मारली तेव्हा दहा बावन्न झाले होते. चार मैल राहिले होते, सगळी बैलगाडीची वाट. मी त्या दिवशी जशी गाडी हाणली तशी पुन्हा आयुष्यात हाणली नाही. दोनदा पडलो. निघोजे मागं टाकलं आणि पहिली तोफ कडाडली. घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

अकरा वाजून तीन मिनिटांनी गन पोझिशनवर पोचलो. "होल्ड फायर, लाइन पार्टी ओढ्यात आहे," एवढंच ओरडलो. तोफा थांबल्या. तोवर सहा गोळे गेले होते.

रघुनाथ केबलचा ड्रम आणायला दोनशे यार्ड मागं आला होता, म्हणून वाचला. शेळके जागीच गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी तार घातल्याचं सांगितलं. अध्यक्ष मेजर होते. त्यांनी विचारलं, "बाकीचे रायडर काय करतात?" मी म्हणालो, "तेच, साहेब." त्यांनी बराच वेळ लिहिलं. मला चौदा दिवसांची शिक्षा झाली. ती मला कमी वाटली, आजही वाटते. सावंतांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रजेत जुन्नरला गेलो. शेळकेचे वडील अंगणात बसले होते. मी त्यांना जेटचं सगळं सांगितलं. सगळं, वेळेसकट. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी विचारलं,

"त्येचं काम पुरं झालं हुतं का?"

टेलिफोनच्या लाइनीला दोन तारा असतात. धोंडिबानं एक जोडली होती, नेटकी, टेप गुंडाळून. दुसरीची टोकं त्यानं सोलून ठेवली होती. त्याला तिथून उचलून नेल्यावर, दुपारी दोन वाजता, ती मी बसून जोडली होती. तीनदा सोडून पुन्हा जोडली.

"व्हय बाबा," मी म्हणालो. "पुरं झालं हुतं."